घरच्या हिशेबाचे स्थलांतर: जमाखर्चाचा डेटा एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर

घरगुती जमाखर्चाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला संगणक बदलताना येणारी अडचण छायाचित्रे किंवा पत्रव्यवहार हलवणाऱ्याला सहसा येत नाही. छायाचित्राची फाईल विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर सारखीच उघडते. हिशेबाची फाईल बहुधा ज्या प्रोग्रॅमने लिहिली त्यालाच वाचता येते. तो प्रोग्रॅम नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मिळेलच असे नाही आणि मिळाला तरी त्याची तिथली आवृत्ती जुनी फाईल स्वीकारेलच असेही नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ज्यांचे जुने यंत्र विंडोज 11 साठी पात्र नाही आणि जे म्हणून लिनक्सकडे वळत आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न आज प्रत्यक्ष उभा आहे.

काय हलवायचे असते

हिशेबाच्या फाईलमध्ये चार थर असतात. पहिला थर सुट्या नोंदींचा: तारीख, रक्कम, कोणाला दिले, कशासाठी दिले. दुसरा थर रचनेचा: खात्यांची यादी, खर्चाचे वर्ग आणि उपवर्ग. तिसरा थर संबंधांचा. बचत खात्यातून क्रेडिट कार्डाचे बिल भरले, तर ती एकच घटना दोन खात्यांत दिसते. किराणा आणि औषधे एकाच बिलात असतील, तर एक रक्कम दोन वर्गांत विभागलेली असते. बँकेच्या विवरणाशी जुळवून झालेल्या नोंदींवर तशी खूण असते. चौथा थर सोयींचा: ठरावीक दिवशी आपोआप पडणाऱ्या नोंदी, अंदाजपत्रक, जतन केलेले अहवाल, पावत्यांची जोडलेली चित्रे.

स्थलांतरात पहिला थर जवळजवळ नेहमी पोहोचतो. दुसरा बहुतेक वेळा पोहोचतो. नुकसान होते ते तिसऱ्या आणि चौथ्या थरात, आणि ते लगेच दिसत नाही, कारण नोंदींची यादी भरलेली दिसते आणि शेवटची शिल्लकही कधी कधी बरोबर असते. म्हणून कोणत्याही मार्गाचे मोजमाप करताना तो कोणता थर सांभाळतो आणि कोणता गाळतो, हे पाहावे लागते.

बंद फाईलींचा इतिहास

या क्षेत्रातले सर्वांत जुने ठळक नाव क्विकन. 1983 मध्ये स्कॉट कुक आणि टॉम प्रूल्क्स यांनी इन्ट्यूट ही कंपनी काढली. तिचे क्विकन आधी डॉससाठी, मग मॅकसाठी आणि त्यानंतर विंडोजसाठी आले. नाव एक असले तरी मॅकची आणि विंडोजची क्विकन ही दोन वेगळी सॉफ्टवेअरे होती. त्यांच्या फाईलींची रचना वेगळी होती आणि सोयीही समान नव्हत्या. त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन उत्पादनांमध्येही डेटा सरळ नेता येत नसे. पुढे कंपनीने यासाठी क्यूएक्सएफ नावाचा खास हस्तांतर-नमुना तयार केला. त्यातून खाती आणि नोंदी येतात, मात्र अंदाजपत्रके, जतन केलेले अहवाल यांसारख्या सोयी तशाच्या तशा येतील असे गृहीत धरता येत नाही.

मॅकवर क्विकन वापरणाऱ्यांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या नुसत्या आवृत्तीबदलाचाही फटका बसला. ॲपलने 2006 मध्ये पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेल प्रोसेसर घेतले आणि जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून रोझेटा ही भाषांतराची सोय दिली. जुलै 2011 च्या लायन आवृत्तीत रोझेटा काढून टाकली गेली. क्विकन 2007 पॉवरपीसीसाठी लिहिलेले असल्याने लायन घेणाऱ्यांचे हिशेब त्या दिवसापासून उघडेनासे झाले. 2010 मध्ये आलेले क्विकन इसेन्शियल्स हा पर्याय होता, पण त्यात शेअर खरेदी-विक्रीचा तपशीलवार हिशेब ठेवता येत नव्हता. अखेर मार्च 2012 मध्ये लायनवर चालणारी क्विकन 2007 ची सुधारित आवृत्ती विक्रीस आली. 2019 च्या कॅटालिना आवृत्तीने 32 बिटचे प्रोग्रॅम बंद केले आणि तो आधारही गेला. यंत्र तेच, वापरणारा तोच आणि फाईलही तीच असताना केवळ सिस्टिम पुढे सरकली म्हणून हिशेब अडकतो, याचे हे लख्ख उदाहरण आहे.

मायक्रोसॉफ्ट मनी हे दुसरे मोठे नाव. ते 1991 मध्ये आले आणि 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची विक्री थांबवली. जुन्या वापरकर्त्यांसाठी 2010 मध्ये ‘सनसेट’ नावाची मोफत आवृत्ती दिली गेली. तिला इंटरनेटवरून परवाना तपासून घ्यावा लागत नाही, म्हणून ती अनेकांकडे पुढेही चालत राहिली. मात्र ती फक्त विंडोजसाठी आहे आणि तिची एमएनवाय फाईल मायक्रोसॉफ्टच्याच जेट या डेटाबेसच्या सांकेतिक रूपात असते. मनीमधून बाहेर पडण्याचा अधिकृत मार्ग म्हणजे एकेका खात्याची क्यूआयएफ फाईल काढणे.

देवाणघेवाणीचे तीन नमुने

क्यूआयएफ हा क्विकनमधून निघालेला मजकूर-नमुना आहे. प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर त्या ओळीचा अर्थ सांगते: डी म्हणजे तारीख, टी म्हणजे रक्कम, पी म्हणजे देणेकरी किंवा घेणेकरी, एल म्हणजे वर्ग. एका खुणेने नोंद संपते. साध्या संपादकात उघडून तो माणसालाही वाचता येतो, विभागलेल्या रकमा आणि जुळवणीच्या खुणा त्यात राहतात आणि आजही बहुतेक प्रोग्रॅम तो स्वीकारतात.

त्याच्या उणिवाही तितक्याच ठळक आहेत. नोंदीला ओळख-क्रमांक नसतो, त्यामुळे तीच फाईल दोनदा घेतली तर नोंदी दुप्पट होण्याचा धोका असतो. चलन कोणते, हे त्यात लिहिलेले नसते. अक्षरांची सांकेतिक पद्धत कोणती आणि तारखेत आधी दिवस की महिना, हेही नसते. खात्यांमधली हस्तांतरे चौकटी कंसात दुसऱ्या खात्याचे नाव लिहून दाखवलेली असतात. बचत खात्याची आणि कार्डाची अशा दोन फाईली वेगवेगळ्या घेतल्या तर तेच हस्तांतर दोनदा नोंदले जाऊ शकते. म्हणून सर्व खात्यांच्या फाईली एकाच वेळी वाचून जोड्या ओळखणारा प्रोग्रॅम असेल, तर त्याच रीतीने त्या घ्याव्यात. ग्नूकॅश या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

ओएफएक्स हा नमुना मायक्रोसॉफ्ट, इन्ट्यूट आणि चेकफ्री या कंपन्यांनी 1997 मध्ये मांडला. क्विकनची क्यूएफएक्स फाईल ही त्याचीच थोडी बदललेली आवृत्ती. ओएफएक्समध्ये चलन स्पष्ट असते, तारीख वर्ष-महिना-दिवस या निःसंदिग्ध क्रमाने असते आणि प्रत्येक नोंदीला बँकेने दिलेला क्रमांक असतो, त्यामुळे पुनरावृत्ती टाळता येते. पण हा नमुना बँकेकडून ग्राहकाकडे विवरण पोहोचवण्यासाठी बनला आहे. ग्राहकाने स्वतः लावलेले खर्चाचे वर्ग आणि विभागण्या त्यात बसत नाहीत. बँकेकडून नवी विवरणे घेण्यास तो उत्तम आणि जुना हिशेब हलवण्यास अपुरा आहे.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेला तक्ता. तो कुठेही उघडतो, पण कोणत्या रकान्यात काय असावे याचा ठराव नसल्याने प्रत्येक वेळी रकाने हाताने जुळवावे लागतात. विभागलेल्या नोंदी आणि हस्तांतरे यांना त्यात नैसर्गिक जागा नसते. दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाच संपूर्ण हिशेब सीएसव्हीने न्यावा.

तारीख, अंक आणि लिपी

क्विकन मुळात अमेरिकी असल्याने त्याच्या तारखांत महिना आधी येतो. भारतात दिवस आधी. 4 मार्चची नोंद 3 एप्रिलला जाऊन पडली तरी कोणताही प्रोग्रॅम तक्रार करत नाही. महिन्याच्या 13 तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र अडतात किंवा बरोबर वाचल्या जातात, त्यामुळे फाईल अर्धी बरोबर आणि अर्धी चूक अशी विचित्र होते. 3 एप्रिल आणि 4 मार्च यांच्यामध्ये आर्थिक वर्ष बदलते, म्हणून भारतीय हिशेबात ही चूक करविवरणापर्यंत पोहोचते. उपाय म्हणजे बाहेर काढतानाच तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमात आणणे.

रकमांचे स्वल्पविराम हा दुसरा खोडा. 1,25,000.00 ही भारतीय मांडणी, तर 125,000.00 ही पाश्चात्त्य. काही प्रोग्रॅम स्वल्पविराम गाळून रक्कम नीट वाचतात, तर काही पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतात आणि सव्वा लाखाचा एक रुपया होतो. बाहेर काढलेल्या फाईलमध्ये रकमांत स्वल्पविराम नसलेलेच बरे.

मराठीत नोंदी लिहिणाऱ्यांना लिपीची काळजी वेगळी घ्यावी लागते. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर हा संगणकाच्या लेखी रोमन चिन्हांचाच असतो. तो फॉन्ट नव्या सिस्टिमवर नसेल तर ‘किराणा’ऐवजी अर्थहीन चिन्हांची माळ दिसते. असा मजकूर हलवण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो. युनिकोडमध्येही एक बारीक मेख आहे. ‘कऱ्हाड’मधला ऱ हा एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो, तसाच र अधिक नुक्ता असा जोडूनही लिहिता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाईलव्यवस्था फाईलींची नावे जोडरूपात साठवत असे, तर विंडोज आणि लिनक्स दिलेले रूप तसेच ठेवतात. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण तुलनेत वेगळी ठरू शकतात. मग एकाच नावाचे दोन वर्ग तयार होतात किंवा जोडलेली पावती सापडत नाही.

पावत्यांचे दुवे आणखी एका कारणाने तुटतात. विंडोजमधला पत्ता ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होतो आणि त्यात उलटी तिरकी रेघ असते. मॅक आणि लिनक्समध्ये ड्राइव्हचे अक्षर नाही आणि रेघ सरळ तिरकी आहे. लिनक्स मोठी आणि लहान रोमन अक्षरे वेगळी मानतो. पावत्या हिशेबाच्या फाईलशेजारच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या आणि प्रोग्रॅममध्ये सापेक्ष पत्ता दिला, तर ही अडचण बरीच टळते.

गुंतवणुकीच्या नोंदी

स्थलांतरात सर्वांत जास्त मोडतोड गुंतवणुकीच्या खात्यांची होते. बँक खात्याची जुनी नोंद हरवली तर आरंभीची शिल्लक लिहून काम भागते. शेअर किंवा म्युच्युअल फंडाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, कारण विक्रीच्या वेळी कर ठरवायला प्रत्येक खरेदीची तारीख आणि किंमत लागते. भारतात नोंदणीकृत शेअर 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवला की नफा दीर्घकालीन ठरतो. 31 जानेवारी 2018 पर्यंतच्या खरेदीला त्या दिवसाच्या बाजारभावाचा लाभ मिळतो. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या बहुतांश कर्जरोखे फंडांना वेगळा नियम आहे. खरेदीची तारीख गेली तर यापैकी कोणताच नियम नीट लावता येत नाही.

बोनस शेअर, शेअरचे विभाजन आणि कंपन्यांचे विलीनीकरण या घटना प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या रीतीने नोंदवतो. क्यूआयएफमधून जाताना त्यांचा अर्थ बदलू शकतो. म्हणून गुंतवणुकीच्या खात्यांत रुपयांची शिल्लक पाहण्याआधी शेअर आणि युनिटांची संख्या जुळवावी. म्युच्युअल फंडांच्या जुन्या व्यवहारांचा स्वतंत्र दाखला कॅम्स आणि केफिनटेक या निबंधकांच्या एकत्रित खाते विवरणात मिळतो. त्यावरून हरवलेल्या खरेद्या पुन्हा लिहिता येतात.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे अनेकदा डॉलरची खाती आणि भारतातली एनआरई किंवा एनआरओ खाती एकाच फाईलमध्ये असतात. क्यूआयएफ चलन सांगत नाही. अशा वेळी नव्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खाते आधी योग्य चलनात उघडावे आणि मगच त्यात नोंदी घ्याव्यात.

सर्व सिस्टिमवर चालणारे प्रोग्रॅम

प्रोग्रॅम आणि फाईल दोन्ही सर्व सिस्टिमवर एकच असले, तर स्थलांतर म्हणजे फाईलची नक्कल करणे एवढेच उरते. मुक्त सॉफ्टवेअरमधले ग्नूकॅश हे याचे प्रमुख उदाहरण. त्याची पहिली स्थिर आवृत्ती 1998 मध्ये आली आणि विंडोजवर ते 2007 मध्ये पोहोचले. ते द्विनोंदी पद्धतीने चालते. प्रत्येक व्यवहाराची जमा आणि नावे ही दोन्ही अंगे एकाच नोंदीत असल्याने हस्तांतर दोनदा पडण्याचा प्रश्नच येत नाही. त्याची फाईल दाबून ठेवलेली एक्सएमएल असते किंवा एसक्यूलाईट डेटाबेस असते. रकमा अपूर्णांकाच्या रूपात, म्हणजे 1250 रुपये 50 पैसे हे 125050 भागिले 100 असे साठवले जातात, त्यामुळे पैशांत फरक पडत नाही. त्याची मराठी आणि कोंकणी भाषांतरेही झालेली आहेत. मात्र जतन केलेले अहवाल आणि पसंतीच्या मांडण्या मुख्य फाईलमध्ये नसतात. त्या प्रत्येक सिस्टिमवर वेगळ्या जागी असतात आणि वेगळ्या हलवाव्या लागतात. ग्नूकॅश क्यूआयएफ घेते, पण देत नाही. बाहेर पडायचे तर सीएसव्ही किंवा त्याची एक्सएमएल समजणारा प्रोग्रॅम लागतो. केडीई प्रकल्पाचे केमायमनी ही फाईल वाचू शकते.

होमबँक हे 1995 मध्ये अमिगा संगणकासाठी लिहिले गेले. अमिगा मागे पडला तरी प्रोग्रॅम लिनक्सवर आणि पुढे विंडोजवर गेला. मनी मॅनेजर ईएक्स एसक्यूलाईट वापरते आणि विंडोज, मॅक, लिनक्स यांसह अँड्रॉइडवरही चालते. एसक्यूलाईटची फाईल कोणत्याही प्रोसेसरवर सारखीच वाचली जाते आणि तिच्या कर्त्यांनी 2050 पर्यंत आधार देण्याचा मानस जाहीर केला आहे. पैसे मोजायची तयारी असेल तर जावावर आधारलेले मनीडान्स तिन्ही मोठ्या सिस्टिमवर मिळते. जॉन विग्ली यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या लेजरची पद्धत याहून मूलगामी आहे. तिथे संपूर्ण हिशेब साध्या मजकूर फाईलमध्ये कीर्दीसारखा लिहायचा आणि प्रोग्रॅमने फक्त तो वाचून खतावणी करायची. आज्ञा टंकून काम करण्याची सवय नसलेल्याला ही पद्धत जड जाते, पण सिस्टिम बदलण्याचा प्रश्न तिच्यात उरत नाही.

जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर

डेटा न बदलता जुना प्रोग्रॅमच सोबत नेण्याचाही मार्ग आहे. आभासी यंत्रात विंडोज चालवून त्यात मनी किंवा क्विकन ठेवले, तर चारही थर जसेच्या तसे राहतात. मॅक आणि लिनक्सवर वाईन या सॉफ्टवेअरमधून काही विंडोज प्रोग्रॅम विंडोजशिवायही चालतात, पण प्रत्येक आवृत्तीचा अनुभव वेगळा असतो. 2020 पासून ॲपलने स्वतःचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली. त्या मॅकवर विंडोज थेट चालवण्याची बूटकॅम्प ही सोय नाही आणि आभासी यंत्रात विंडोजची एआरएम आवृत्ती घ्यावी लागते. हा मार्ग जुने हिशेब संदर्भासाठी पाहायला चांगला आहे. रोजच्या वापरासाठी तो प्रश्न सोडवत नाही, पुढे ढकलतो.

वेबवरच्या सेवेत हिशेब ठेवला की ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंध संपतो, हे खरे. पण फाईलही हातात राहत नाही. 2007 मध्ये सुरू झालेली आणि 2009 मध्ये इन्ट्यूटने घेतलेली मिंट ही अमेरिकी सेवा 2024 मध्ये बंद झाली तेव्हा वापरकर्त्यांना आपल्या नोंदी सीएसव्हीच्या रूपात काढून घ्याव्या लागल्या. भारतात रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या निर्देशांवर उभी असलेली अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था 2021 मध्ये सुरू झाली. तिच्यातून ग्राहकाच्या संमतीने बँकेचा डेटा यंत्राला वाचता येईल अशा रूपात जातो, पण तो नियामकांच्या कक्षेतल्या संस्थांकडे. घरच्या सॉफ्टवेअरला तो थेट मिळत नाही आणि स्वतः लावलेले वर्ग त्यातही नसतात.

स्थलांतराची रीत

मार्ग कोणताही असला तरी कामाचा क्रम साधारण एकच राहतो. आधी जुन्या प्रोग्रॅममध्ये सर्व खाती शेवटच्या बँक विवरणापर्यंत जुळवून घ्यावीत. चुकीचा हिशेब हलवला तर मूळ चूक आणि स्थलांतराची चूक वेगळी काढता येत नाही. भारतात 31 मार्च ही तोडीची सोयीची तारीख. मग मूळ फाईलची प्रत अशा जागी ठेवावी जिथे ती बदलली जाणार नाही, आणि सर्व खात्यांचे वर्षवार अहवाल पीडीएफमध्ये काढून ठेवावेत. प्रोग्रॅम उद्या चालला नाही तरी हे अहवाल वाचता येतात.

फाईल नेण्यासाठी पेनड्राइव्ह वापरायचा तर तो एक्सफॅट पद्धतीचा असावा, कारण मॅक विंडोजची एनटीएफएस पद्धत वाचतो, पण स्वतःहून तीवर लिहीत नाही. क्यूआयएफ आणि सीएसव्ही फाईलींना कुलूप नसते. घरातली सगळी आर्थिक माहिती त्यांत उघडी असते. त्या ईमेलने पाठवू नयेत, अनोळखी ऑनलाइन रूपांतर-सेवांवर चढवू नयेत आणि काम झाल्यावर पुसून टाकाव्यात.

नव्या प्रोग्रॅममध्ये आधी एकच लहान खाते चाचणी म्हणून घ्यावे. ते जुळले तर बाकीची. त्यानंतरची तपासणी शेवटच्या शिल्लकेवर थांबू नये. प्रत्येक खात्याची शिल्लक निदान दोन-तीन जुन्या आर्थिक वर्षांच्या अखेरीस जुळते का, नोंदींची संख्या तितकीच आहे का, हस्तांतरांची बेरीज शून्य येते का, वर्ग न लागलेल्या नोंदी किती उरल्या आणि वर्षाचा वर्गवार खर्च जुन्या अहवालाशी मिळतो का, हे पाहावे. द्विनोंदी प्रोग्रॅममध्ये तेरीज पत्रक काढल्यास बरेच दोष एका दृष्टिक्षेपात सापडतात. फरक आला तर शेवटी समायोजनाची नोंद टाकून मेळ घालू नये. जिथे पहिल्यांदा आकडे फाटतात ते वर्ष आणि मग तो महिना शोधावा. कारण बहुधा एखादे दुप्पट पडलेले हस्तांतर किंवा उलटी वाचलेली तारीख असते. त्यानंतर एक-दोन महिने दोन्हीकडे हिशेब लिहावा आणि मगच जुना प्रोग्रॅम सोडावा.

संपूर्ण इतिहास नेणे प्रत्येकाला आवश्यक नसते. ज्याचा हिशेब फक्त बचत खाते, कार्ड आणि रोजचा खर्च एवढाच आहे, त्याने नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभीची शिल्लक लिहून नवी फाईल सुरू केली आणि जुनी पीडीएफमध्ये जपली, तरी पुरते. ज्याच्याकडे शेअर, फंड किंवा दोन देशांतली खाती आहेत, त्याने इतिहास नेलाच पाहिजे आणि त्यासाठी वेळ राखून ठेवला पाहिजे. नवे सॉफ्टवेअर निवडताना मात्र दोघांनीही आधी एकच गोष्ट तपासावी: त्यातून सगळा हिशेब, वर्ग आणि विभागण्यांसह, दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो का. येत नसेल, तर बाकी सोयी कितीही चांगल्या असल्या तरी ते सॉफ्टवेअर घेऊ नये.